रोजच्या मेकअपमध्ये चेहऱ्याला पावडर लावावी का?

नीलमोहर
नमस्कार. माझा रोजचा मेकअप मोजकाच आहे: मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन, डागांपुरते थोडे फाउंडेशन, काजळ आणि ओठांना रंग. या सगळ्यावर शेवटी पावडर फिरवावी की नाही, याबाबत मला नेहमी परस्परविरोधी सल्ले मिळत आले आहेत. एका मैत्रिणीच्या मते पावडरीशिवाय मेकअप पूर्णच होत नाही. दुसरी म्हणते की पावडरीचे दिवस गेले, तिने चेहरा निर्जीव दिसतो आणि वय उगाच वाढते.

माझी त्वचा मिश्र प्रकारची आहे, म्हणजे कपाळ, नाक आणि हनुवटी दुपारपर्यंत तेलकट होतात, पण गाल कोरडेच राहतात. पावडर लावली की सकाळी चेहरा एकसारखा दिसतो, मात्र काही तासांनी गालांवर ती वेगळी उठून दिसू लागते. न लावावी, तर नाकावरचे फाउंडेशन दुपारपर्यंत टिकत नाही. समारंभाच्या मेकअपविषयी मी विचारत नसून, कामाच्या दिवशी आठ-दहा तास चेहऱ्यावर राहणाऱ्या मेकअपविषयी विचारते आहे. तुम्ही रोज पावडर लावता का, आणि लावत असाल तर नेमक्या कोणत्या कामासाठी?

काजळरेघ
मी रोज लावते आणि संपूर्ण चेहऱ्याला लावते. माझी त्वचा इतकी तेलकट आहे की पावडरीशिवाय काजळसुद्धा जागेवर राहत नाही. ते डोळ्यांखाली उतरते आणि मी रात्रभर जागी होते की काय, असे लोक विचारू लागतात. फाउंडेशन मी बहुतेक दिवशी वगळते, पण पावडर वगळत नाही. एकच वस्तू ठेवायची झाली तर मी पावडर ठेवीन.

आळशी_सौंदर्यवती
ज्या वस्तूचे झाकण उघडताना निम्मी वस्तू काळ्या कपड्यांवर सांडते, ती रोज सकाळी घाईच्या वेळी वापरण्याचे धाडस माझ्यात नाही.

रंगभूषाकार
रंगमंचावरच्या आणि कॅमेऱ्यासमोरच्या मेकअपचे काम मी बरीच वर्षे करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पावडरीची कामे मुळात दोन आहेत. पहिले काम म्हणजे खालचा ओलसर, स्निग्ध थर बसवणे, जेणेकरून तो सरकणार नाही आणि कपड्यांना किंवा फोनला लागणार नाही. दुसरे काम म्हणजे चकाकी कमी करणे. रंगमंचावर ही दोन्ही कामे अत्यावश्यक असतात, कारण तिथे दिव्यांची उष्णता असते, घाम असतो आणि स्निग्ध रंगांचे जाड थर असतात. तिथे आम्ही पावडर सढळ हाताने दाबून बसवतो आणि उरलेली ब्रशने झटकतो. मात्र ही पद्धत जशीच्या तशी रोजच्या चेहऱ्यावर आणली की घोटाळा होतो. डोळ्यांखाली पावडरीचा जाड थर देऊन काही मिनिटे तसाच ठेवायचा आणि मग झटकायचा, ही 'बेकिंग' नावाची पद्धत मुळात रंगमंचाकडूनच आलेली आहे. दूर बसलेल्या प्रेक्षकासाठी ती योग्य आहे, पण हातभर अंतरावर बसलेल्या सहकाऱ्याला त्या थरातली प्रत्येक भेग दिसते.

नीलमोहर, तुमचे फाउंडेशन केवळ डागांपुरते आहे, मग बसवायचे आहे तेही तेवढेच. उरलेल्या चेहऱ्यावर पावडरीला करण्यासारखे काही कामच नाही. जिथे चकाकी येते आणि जिथे काहीतरी घासले जाते, तिथे लावा. गाल सोडून द्या.

काजळरेघ
रंगभूषाकार, तुमचे म्हणणे मिश्र त्वचेला लागू पडते. माझ्यासारख्या संपूर्ण तेलकट चेहऱ्यावर फक्त कपाळ-नाकाला पावडर लावली, तर मधला भाग कोरडा आणि दोन्ही बाजू चमकदार असा विचित्र नकाशा तयार होतो. त्यामुळे 'गाल सोडून द्या' हा सरसकट नियम मला मान्य नाही.

रंगभूषाकार
तो नियम नव्हता, त्यांच्या गालांपुरता सल्ला होता. तुमच्या चेहऱ्याला चकाकी जिथे जिथे आहे, तिथे तिथे लावा. ती सगळीकडे असेल तर सगळीकडे लावा.

सूक्ष्मदर्शी
रसायनशास्त्र हा माझा विषय असल्याने, चकाकी का येते आणि पावडर ती कशी घालवते, हे समजावून सांगण्याचा मोह आवरत नाही.

त्वचेचा पृष्ठभाग अतिशय बारीक चढउतारांचा असतो. तेलाने ते चढउतार भरले गेले की वर एक गुळगुळीत पातळ थर तयार होतो आणि तो प्रकाश आरशासारखा एकाच दिशेला परतवतो. पावडरीचे कण हा गुळगुळीतपणा मोडतात आणि प्रकाश सर्व दिशांना विखुरतात. त्याबरोबरच त्यांतले काही घटक, उदाहरणार्थ सच्छिद्र सिलिका किंवा स्टार्च, थोडे तेल शोषूनही घेतात.

आता दुपारी काय होते ते पाहू. अनेक पावडरींचा मुख्य घटक असलेले टाल्क हे मॅग्नेशियमचे जलयुक्त सिलिकेट आहे आणि खनिजांची कठीणता मोजणाऱ्या मोह्‌स श्रेणीत त्याचा क्रमांक पहिला, म्हणजे सर्वांत मऊ खनिजाचा आहे. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, साधारण १.५ ते १.६ च्या दरम्यान असतो, तर तेलाचा साधारण १.४७. कण हवेत असतात तेव्हा हवा आणि टाल्क यांच्या अपवर्तनांकातला फरक मोठा असल्याने प्रकाश चांगला विखुरला जातो. तेच कण तेलात भिजले की तो फरक फारच कमी उरतो, कण जवळजवळ पारदर्शक होतात आणि रंग गडद दिसू लागतो. कोरडी वाळू फिकट आणि भिजलेली वाळू गडद दिसते, त्यातलाच हा प्रकार आहे. याउलट टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक २.५ च्या वर असल्याने तो तेलातही पांढराच राहतो. म्हणून डाग झाकणाऱ्या पावडरींत तो घालतात आणि रंग जुळला नसेल तर पांढरटपणाही त्याच्यामुळेच येतो.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. दुपारी चेहरा तेलकट झाल्यावर थेट वरून पावडर लावू नये, कारण तेलात कण भिजून त्यांचा लेप बनतो. आधी टिश्यूने किंवा ब्लॉटिंग पेपरने टिपावे, न घासता नुसते दाबावे, आणि त्यानंतरच गरज वाटल्यास अगदी थोडी पावडर लावावी. बऱ्याच वेळा टिपल्यानंतर पावडरीची गरजच उरत नाही.

आळशी_सौंदर्यवती
सूक्ष्मदर्शी यांचा प्रतिसाद वाचून माझ्या नाकाविषयी मला प्रथमच शास्त्रीय आदर वाटू लागला आहे.

कपाळमोक्ष
या चर्चेत पुरुषाने डोकावणे योग्य आहे की नाही ठाऊक नाही, पण अडचण खरी आहे. आमच्या बहुतेक बैठका आता पडद्यावर होतात आणि माझे कपाळ, ज्याचा विस्तार काळाच्या ओघात थेट मानेच्या मागपर्यंत झालेला आहे, समोरच्या दिव्याचे हुबेहूब प्रतिबिंब दाखवते. एका सहकाऱ्याने मला अत्यंत गंभीरपणे विचारले की तुमच्या डोक्यावर जे गोल दिसते आहे ते बल्ब आहे का. मेकअप केलेला आहे, हे कोणाच्या लक्षात येणार नाही अशी एखादी पावडर असते का?

रंगभूषाकार
अवश्य असते आणि कॅमेऱ्यासमोर बसणारे पुरुष ती सर्रास लावतात. तुम्हाला रंगहीन, म्हणजे 'ट्रान्सल्युसंट' पावडर लागेल. कपाळ आधी टिपून घ्या. पफवर अगदी थोडी पावडर घ्या, ती हाताच्या मागच्या बाजूवर दाबून अर्धी काढून टाका आणि उरलेली कपाळावर घासण्याऐवजी दाबून लावा. डोक्यापर्यंत विस्तार असेल तर तिथवर न्या, नाहीतर बरोबर जिथे पावडर संपते तिथून चकाकी सुरू होईल. आणि जमल्यास दिवा समोरून थोडा बाजूला सरकवा. अर्धे काम त्यानेच होईल.

एक सावधगिरी मात्र बाळगा. सिलिकाचे प्रमाण जास्त असलेल्या काही अतिसूक्ष्म पांढऱ्या पावडरी उघड्या डोळ्यांना दिसतच नाहीत, पण फ्लॅश मारून छायाचित्र काढले की पांढरे चट्टे उमटतात. व्हिडिओच्या बैठकीत ही अडचण येणार नाही, पण त्याच दिवशी छायाचित्र काढायचे असेल तर आधी फोनचा फ्लॅश वापरून एक चाचणी घ्यावी.

मृगजळ
मला या प्रश्नाकडे जरा वेगळ्या बाजूने पाहावेसे वाटते. चकाकी कमी करणे हे पावडरीचे अधिकृत काम असेलही, पण प्रत्यक्षात तिचा वापर कित्येक जणी चेहरा उजळ दिसावा म्हणून करतात. स्वतःच्या रंगाहून एक-दोन छटा फिकट पावडर निवडली जाते आणि मग चेहरा एका माणसाचा व मान दुसऱ्या माणसाची असे दृश्य दिसते. 'ट्रान्सल्युसंट' म्हणून विकली जाणारी पावडरसुद्धा सावळ्या आणि गडद त्वचेवर राखाडी दिसते, कारण ती पारदर्शक असते ती फिकट त्वचेच्या हिशेबाने.

पांढऱ्या चेहऱ्याचा हा हव्यास जुना आणि महागात पडलेला आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात शिशापासून बनवलेला पांढरा रंग चेहऱ्याला लावत असत. जपानमध्येही चेहऱ्याच्या पांढऱ्या लेपात शिसे असे, आणि तो नेमाने लावणाऱ्या नटांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड आल्यावर ते प्रकरण संपले, पण रोज सकाळी चेहऱ्याचा मूळ पोत आणि मूळ रंग झाकलाच पाहिजे, ही समजूत काही संपली नाही. त्वचेला थोडी चकाकी असते, कारण ती जिवंत आहे. तिची एवढी लाज का वाटावी?

काजळरेघ
मृगजळ, फिकट छटेविषयी तुम्ही म्हणता ते शंभर टक्के पटते. पण चकाकी नको वाटणे म्हणजे स्वतःच्या त्वचेची लाज वाटणे, हे समीकरण मला अन्यायाचे वाटते. माझ्या चेहऱ्यावरच्या तेलाने चष्म्याच्या काचा आणि फोनचा पडदा बरबटतो. हा माझ्यासाठी तत्त्वाचा कमी आणि सोयीचा प्रश्न अधिक आहे. माझी पावडर माझ्याच रंगाची, किंबहुना थोडी गडदच आहे.

मृगजळ
मान्य आहे. माझा रोख तुमच्यावर नव्हता. तो होता 'पावडरीशिवाय मेकअप पूर्णच होत नाही' या वाक्यावर, जे नीलमोहर यांच्या मैत्रिणीने म्हटले आहे.

चष्मिष्ट
चष्म्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. चष्म्याचे पॅड नाकावर जिथे टेकतात, तिथले फाउंडेशन सर्वांत आधी जाते आणि चष्मा काढला की दोन फिकट ठसे दिसतात. मी फक्त त्या दोन जागांवर फाउंडेशन लावतच नाही. सनस्क्रीन मुरली की लहान ब्रशने चिमूटभर पावडर दाबते. ठसे उमटत नाहीत आणि चष्माही कमी घसरतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मात्र लेन्स आधी घालाव्यात आणि पावडर त्यानंतर लावावी, म्हणजे बोटांवरचे कण लेन्सवर जात नाहीत.

पानगळ
पन्नाशी ओलांडलेल्या कोणीच अजून लिहिलेले दिसत नाही, म्हणून ती जबाबदारी मी घेते.

रजोनिवृत्तीनंतर त्वचेतील तेलाचे प्रमाण घटते आणि जी पावडर पंचविशीत चेहऱ्याला शोभत होती, तीच आता सुरकुत्यांमध्ये जाऊन बसते व त्या अधोरेखित करते. डोळ्यांखालची त्वचा तर पातळ आणि कोरडी असते, शिवाय तिथे हालचाल सतत होते, त्यामुळे तिथे पावडर साचणारच. माझ्या वयाच्या बऱ्याच जणी यावर उपाय म्हणून आणखी पावडर लावतात, हे पाहून मला फार वाईट वाटते. मी नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीच्या खळीत तेवढी लावते. मॉइश्चरायझर पूर्ण मुरल्यावरच ब्रश हाती घेते, कारण ओलसर त्वचेवर पावडर ठिपक्याठिपक्यांनी चिकटते. जास्त झालीच, तर ओला करून घट्ट पिळलेला स्पंज हलक्या हाताने वरून दाबते. पावडरीचा कोरडा थर खाली बसतो.

नीलमोहर, तुमच्या गालांवर जे काही तासांनी उठून दिसते ते हेच असावे. कोरड्या पापुद्र्यांना पावडर चिकटते आणि पापुद्रे सुटू लागले की तीही दिसू लागते. तिथे पावडर कमी करण्याआधी मॉइश्चरायझर वाढवून पाहा.

त्रयस्थ
पावडर कशी दिसते यावर पुष्कळ बोलणे झाले, पण ती आरोग्याला किती सुरक्षित आहे याचा उल्लेख कोणीच केलेला नाही. टाल्कमुळे कर्करोग होतो, असे वाचनात येते. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने टाल्क असलेली बेबी पावडर अमेरिका आणि कॅनडात २०२० मध्ये थांबवली आणि २०२३ मध्ये जगभर थांबवली. असे असताना रोज, वर्षानुवर्षे, नाकातोंडाजवळ ही वस्तू उडवणे शहाणपणाचे आहे का?

सूक्ष्मदर्शी
प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर भीती किंवा बेफिकिरी या दोहोंपैकी कोणत्याही टोकाला जाऊन देता येणार नाही.

यात दोन वेगळे मुद्दे आहेत. पहिला मुद्दा ॲस्बेस्टॉसचा. टाल्क आणि ॲस्बेस्टॉस ही खनिजे जमिनीत काही ठिकाणी शेजारी-शेजारी सापडतात, त्यामुळे खाणीची निवड आणि कच्च्या मालाची तपासणी नीट झाली नाही तर टाल्कमध्ये ॲस्बेस्टॉस मिसळू शकते. ॲस्बेस्टॉसमुळे कर्करोग होतो, याविषयी शंकाच नाही. दुसरा मुद्दा खुद्द टाल्कचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला 'मानवात बहुधा कर्करोगकारक' या, म्हणजे २अ गटात टाकले. माणसांमधला मर्यादित पुरावा अंडाशयाच्या कर्करोगाविषयीचा आहे आणि तो मुख्यतः जननेंद्रियांजवळ पावडर वापरण्याशी जोडलेला आहे. त्याच्या जोडीला प्राण्यांवरील प्रयोगांतला आणि पेशींवरील परिणामांचा पुरावा विचारात घेतला गेला. हे वर्गीकरण एखादी वस्तू कर्करोग घडवू शकते का, याविषयी पुरावा किती भक्कम आहे ते सांगते. रोजच्या वापरातून धोका किती, हे त्यातून कळत नाही.

चेहऱ्यापुरते बोलायचे तर श्वासावाटे आत जाणारी धूळ हीच लक्ष देण्याची गोष्ट आहे. म्हणून रोजच्या वापराला लूज पावडरीपेक्षा दाबून घट्ट केलेली, म्हणजे कॉम्पॅक्ट, बरी. ती कमी उडते. ब्रश हवेत झटकू नये, डबीच्या काठावर टेकवून उरलेली पावडर काढावी आणि लावताना क्षणभर श्वास रोखावा. दमा असलेल्यांनी लूज पावडर टाळलेलीच बरी. लहान मुलांच्या अंगाला लावायच्या पावडरीवर ती नाकातोंडापासून दूर ठेवण्याची सूचना युरोपीय संघात कायद्याने छापावी लागते, त्यामागे हेच कारण आहे.

टाल्क नको असेल तर अभ्रक, सिलिका, केओलिन (एक पांढरी माती) किंवा स्टार्च यांच्यावर आधारलेल्या पावडरी मिळतात. सौंदर्यप्रसाधनांत वापरतात ती सिलिका अस्फटिक असते; खाणकामगारांना फुप्फुसांचा आजार जडवणारी स्फटिक सिलिका निराळी. तरीही धूळ ती धूळच, हे टाल्कविरहित पावडरीलाही लागू आहे. वेष्टनावरच्या यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात, एक टक्क्याहून कमी असलेले मात्र कोणत्याही क्रमाने येऊ शकतात, त्यामुळे पहिली तीन-चार नावे वाचली तरी पावडर कशावर उभी आहे ते कळते.

त्रयस्थ
सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. श्वास रोखण्याची युक्ती इतकी साधी आहे की ती कोणी कशी सुचवली नाही याचेच आश्चर्य वाटते.

आळशी_सौंदर्यवती
मी पावडर लावताना नेहमीच श्वास रोखते, पण ते ती सांडेल या भीतीने.

पहाटवेळ
माझा प्रश्न थोडा निराळा आहे. एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, छापलेली पावडर मिळते. सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावी असे सांगतात, पण मेकअपवर क्रीम कशी फासणार? त्याऐवजी ही पावडर फिरवली तर चालेल का?

त्वचाविचार
मी त्वचारोग विभागात काम करते, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर देते. वेष्टनावरचा एसपीएफ हा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर लावून मोजलेला असतो. हा हिशेब चेहरा आणि मान मिळून एक ग्रॅमच्या वर जातो. तेवढी पावडर चेहऱ्यावर लावली तर मुखवटा तयार होईल. प्रत्यक्षात आपण त्याचा अगदी छोटा अंश लावतो, त्यामुळे छापील आकड्याच्या जवळपासही संरक्षण मिळत नाही. सकाळी क्रीम किंवा लोशन स्वरूपातली सनस्क्रीन पुरेशी लावलेली असेल, तर दिवसा पावडरीची भर घालायला हरकत नाही. मात्र तिच्यावर विसंबून उन्हात थांबू नये. उन्हातच काम असेल तर चेहरा टिपून, क्रीम हलक्या हाताने दाबत पुन्हा लावणे हाच मार्ग आहे. मेकअप थोडा बिघडेल, तो बिघडू द्यावा.

पावडरीविषयीच्या दोन समजुतींबद्दलही लिहिते. पावडरीने किंवा टिपल्याने त्वचा जास्त तेल तयार करू लागते, असे म्हणतात. तसे होत नाही. तेलग्रंथींचे काम मुख्यतः संप्रेरकांवर चालते, वर काय लावले आहे याचा त्यांना पत्ता नसतो. त्याचप्रमाणे 'रंध्रांचा श्वास कोंडतो' ही भीतीही अनाठायी आहे, कारण रंध्रे श्वास घेत नाहीत. पावडरीने ती लहानही होत नाहीत, फक्त कमी दिसतात. मुरुमे मात्र वाढू शकतात, आणि तिथे दोष बहुधा पावडरीपेक्षा पफचा असतो. तेल, मृत त्वचा आणि ओल धरून बसलेला पफ महिनोन्‌महिने न धुता चेहऱ्यावर फिरवला जातो. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संघटना ब्रश दर ७ ते १० दिवसांनी धुण्यास सांगते. पफलाही तोच नियम लावावा आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय डबीत ठेवू नये.

काजळरेघ
पफचा मुद्दा वाचून माझ्या कॉम्पॅक्टविषयी विचारावेसे वाटते. तिच्यावर मध्यभागी एक चकचकीत, कडक थर जमला आहे आणि पफला आता पावडर लागतच नाही. ती खराब झाली असे समजायचे का?

रंगभूषाकार
तो चेहऱ्यावरच्या तेलाचा थर आहे. पफ चेहऱ्यावरून पुन्हा डबीत जातो, जाताना तेल नेतो आणि दाबून दाबून तिथे लुकण बसते. चिकटपट्टी हलकेच दाबून उचला, किंवा स्वच्छ चमच्याच्या कडेने वरचा थर खरवडून टाका. खालची पावडर चांगली असते. ओला स्पंज त्या डबीत घालत असाल तर मात्र बेत बदला. कोरड्या पावडरीत जंतू सहसा वाढत नाहीत ते पाण्याच्या अभावामुळे, आणि आपणच पाणी पुरवले तर तो फायदा गेला. उघडलेल्या डबीचे चिन्ह आणि त्यात १२ किंवा २४ असा महिन्यांचा आकडा वेष्टनावर छापलेला असतो, तोही पाहून घ्या.

कपाळमोक्ष
अहवाल सादर करतो. पावडर लावली, दिवा बाजूला सरकवला. आजच्या बैठकीत प्रतिबिंबाबद्दल कोणीही विचारले नाही, परंतु आवाज येत नसल्याची तक्रार मात्र कायम आहे. त्यावर पावडर लागू पडत नाही असे दिसते.

मृगजळ
कपाळमोक्ष, आपल्या चकाकीविषयी मी वर जे लिहिले होते ते आपल्यालाही लागू होते, पण बल्बचे प्रतिबिंब हा अपवाद धरायला मी तयार आहे.

नीलमोहर
सगळ्यांचे मनापासून आभार. रंगभूषाकार आणि पानगळ यांनी सांगितल्याप्रमाणे गाल पूर्णपणे सोडले आणि नाक, नाकाच्या बाजू व हनुवटी एवढ्यावरच लहान ब्रशने पावडर दाबली. दुपारी आधी टिपले. मग लक्षात आले की पुन्हा पावडर लावावी असे काही उरलेलेच नाही. गालांवर आता काहीच उठून दिसत नाही. कपाळाबाबत अजून ठरत नाही: तिथे पावडर लावली तर केसांच्या रेषेजवळ पांढरट कडा दिसते आणि न लावली तर चकाकी येते.

एक शंका उरली आहे. गालांना मी क्रीमचा ब्लश लावते. पावडर आता गालांवर नाहीच, तर तो कधीही लावला तरी चालेल ना?

रंगभूषाकार
गालांवर पावडर नसेल तर चालेल, पण सवय म्हणून ओलसर आणि स्निग्ध वस्तू सगळ्या आधी लावून घ्याव्यात आणि कोरड्या नंतर. पावडरीवर क्रीम गेले की त्याच्या गुठळ्या होतात आणि तुमच्या नाकाच्या बाजूची पावडर गालाच्या सुरुवातीपर्यंत येतच असणार.

कपाळासाठी ब्रश भुवयांच्या मधोमध टेकवून सुरुवात करा आणि वर नेताना पावडर संपत जाऊ द्या. केसांच्या रेषेवर नवी पावडर घेऊन जाऊ नका. तरीही कडा दिसली तर छटा फिकट आहे असे समजा आणि कपाळापुरती थोडी गडद पावडर पाहा.

काजळरेघ
किंवा सरळ संपूर्ण चेहऱ्याला लावा, म्हणजे कडा राहणारच नाही. माझे मत अजून बदललेले नाही.

पानगळ
काजळरेघ, तुमचे मत वीस वर्षांनी पुन्हा विचारीन.